अंथरुणाला खिळलेले : घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठीची मराठी आणि तिच्यातील बदल

प्रास्ताविक

गेल्या तीन दशकांत शारीरिक व मानसिक मर्यादा असलेल्या व्यक्तींविषयीची मराठी झपाट्याने बदलली. ‘लुळा’, ‘पांगळा’, ‘थोटा’ हे शब्द लेखनातून जवळजवळ हद्दपार झाले, ‘अपंग’ हा शब्द शासकीय कागदांवरून मागे सरला आणि त्याच्या जागी ‘दिव्यांग’ आला. या नामांतरावर बरीच चर्चा झाली आहे. परंतु त्या चर्चेत एका वर्गाचा विचार क्वचितच होतो. तो वर्ग म्हणजे आजार, वार्धक्य किंवा अपंगत्व यांमुळे घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या अथवा मुळीच न पडू शकणाऱ्या माणसांचा. इंग्रजीत त्यांच्यासाठी ‘हाउसबाउंड’ हा रूढ शब्द आहे. मराठीत तसा एकपदी, बोलीभाषेत रुळलेला शब्द नाही. ‘गृहबद्ध’ असा शब्द घडवता येतो, पण तो कोणाच्या तोंडी नाही. मराठी माणूस अशा व्यक्तीविषयी बोलताना विशेषण वापरत नाही, क्रियापद वापरतो. प्रस्तुत लेखात याच क्रियापदांची चिकित्सा केली आहे. नामे आणि विशेषणे बदलूनही या वर्गाच्या वाट्याला आलेली भाषा फारशी का बदलली नाही, याचे उत्तर तिथे सापडण्याची शक्यता अधिक आहे.

नामांतराची मर्यादा

१९९५ च्या केंद्रीय कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. दरम्यान संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ मध्ये संमत झाला आणि भारताने तो २००७ मध्ये अनुसमर्थित केला. या कराराची मध्यवर्ती कल्पना अशी की, शरीरातील न्यूनता आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परक्रियेतून माणसाचा समाजातील सहभाग अडतो. २०१६ च्या कायद्याने अपंग व्यक्तीची व्याख्या करताना हीच कल्पना स्वीकारली. म्हणजे व्याख्येत जिना आला, उंबरठा आला, रुंदी अपुरी असलेला दरवाजा आला.

नाव मात्र उलट दिशेने गेले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, २०१६ मध्ये केंद्रीय विभागाच्या नावात तो आला आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये ‘दिव्यांग कल्याण विभाग’ स्वतंत्रपणे स्थापन केला. या शब्दावर अपंगांच्या संघटनांनी आरंभापासूनच आक्षेप घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताविषयीच्या निरीक्षणांत तो वादग्रस्त असल्याची नोंद केली. त्या आक्षेपांचा भर मुख्यतः देवत्व चिकटवण्यावर होता. भाषेच्या अंगाने पाहता अडचण ‘दिव्य’ या पूर्वपदापेक्षा ‘अंग’ या उत्तरपदात अधिक आहे. ‘अपंग’ म्हणा, हिंदीतील ‘विकलांग’ म्हणा वा ‘दिव्यांग’ म्हणा, ऐकणाऱ्याची नजर शरीरावरच जाते. शरीर हीन ठरवले की दिव्य ठरवले एवढाच काय तो फरक. कायद्याच्या व्याख्येत आलेला जिना कायद्याच्या मराठी नावात शिरू शकला नाही.

चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतील संधिवाताच्या रुग्णाला या नामांतराचा काय उपयोग, हा प्रश्न त्यामुळे अप्रस्तुत ठरत नाही. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या अशा इमारती असंख्य आहेत. त्यांतील कित्येक वृद्धांकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नसते आणि ते स्वतःला दिव्यांगही म्हणवत नाहीत. त्यांच्याविषयी घरचे लोक एवढेच म्हणतात, ‘आता त्या खाली उतरत नाहीत.’

‘खिळलेला’ : कर्ता कोठे आहे?

मराठीत घराबाहेर न पडू शकणाऱ्या आजाऱ्याविषयी तीन प्रयोग विशेष रूढ आहेत. ‘अंथरूण धरणे’, ‘अंथरुणाला खिळणे’ आणि ‘जागेवर असणे’. यांपैकी पहिला कर्तरी आणि सकर्मक आहे. ‘आजोबांनी अंथरूण धरले’ या वाक्यात आजोबा कर्ते आहेत. अंथरूण धरण्याची कृती जणू त्यांनीच केली. तिसरा प्रयोग सर्वांत घरगुती. ‘त्यांचे सगळे जागेवरच आहे’ असे म्हटले की जेवण, अंघोळ आणि शौच यांचा उल्लेख न करताही तो ऐकणाऱ्याला कळतो. कुटुंबातील सेवेचा सारा भार आणि रुग्णाची लाज या दोन्हींवर तो शब्द पांघरूण घालतो. मराठीतील सौजन्याचा हा एक उत्तम नमुना आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

वृत्तपत्रे, शासकीय परिपत्रके आणि औपचारिक लेखन यांनी मात्र दुसरा प्रयोग उचलला. इंग्रजीतील ‘बेडरिडन’ला प्रतिशब्द म्हणून ‘अंथरुणाला खिळलेले रुग्ण’ हा शब्दसमूह पक्का झाला. ‘खिळणे’ हे क्रियापद ‘खिळा’ या नामाशी निगडित आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. खिळा आपोआप ठोकला जात नाही. त्यासाठी हात लागतो, हातोडा लागतो. तथापि ‘खिळणे’ हे अकर्मक आहे आणि ‘खिळलेला’ या धातुसाधितात ठोकणाऱ्याला जागाच नाही. प्रयोजक रूप ‘खिळवणे’ भाषेत आहे, पण ते राखून ठेवले आहे नाटकांसाठी आणि वक्त्यांसाठी. प्रयोगाने प्रेक्षकांना खिळवून ठेवले, असे समीक्षक सहज लिहितात. रुग्णाला कोणी खिळवून ठेवले, असे कोणी लिहीत नाही.

हा योगायोग नव्हे, हे २०२० मधील टाळेबंदीच्या काळातील शब्दांशी तुलना केल्यास दिसून येते. धडधाकट माणसांना घरात राहण्याची वेळ आली तेव्हा मराठीने काही आठवड्यांत ‘टाळेबंदी’, ‘संचारबंदी’, ‘गृहविलगीकरण’ असे शब्द सर्वतोमुखी केले. यांतील काही जुनेच होते, त्यांचा अर्थ मात्र विस्तारला. टाळे म्हटले की ते कोणी तरी लावलेले असते. बंदी म्हटली की ती कोणी तरी घातलेली असते आणि कधी तरी उठवायचीही असते. ‘टाळेबंदी केव्हा उठणार?’ हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला होता. ‘अंथरुणाला खिळलेला’ या शब्दातून तसा कोणताही प्रश्न उद्भवत नाही. निरोग्यांच्या कोंडीला भाषेने कर्ता दिला, मुदत दिली. आजाऱ्यांच्या कोंडीला यांपैकी काहीच मिळाले नाही.

अंथरूण हेच न हलण्याचे कारण असते, ही समजूत तपासून पाहण्यास महाराष्ट्रात एक ठळक उदाहरण उपलब्ध आहे. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबा आमटे यांना बसता येत नसे. उभे राहणे किंवा पडून राहणे एवढेच शक्य होते. १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतची ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तीत वाहनात बिछान्याची सोय होती आणि प्रवासाचा मोठा भाग त्यांनी आडवे राहून केला. त्यांना ‘अंथरुणाला खिळलेले’ म्हणण्याचे कोणालाही सुचले नाही, कारण अंथरूणच देश ओलांडत होते. अर्थात त्यांच्यामागे एक मोठी संस्था आणि सहकाऱ्यांचा समुदाय होता. मुद्दा तोच आहे. वाहन, सोय आणि माणसे असतील तर खिळा निघतो. ती नसतील तर तेच शरीर खिळलेले ठरते.

मराठीच्या व्याकरणात याला एक पर्याय आहे आणि तो बोलीत रोज वापरलाही जातो. शक्य क्रियापद हे मराठीचे वैशिष्ट्य मानले जाते. ‘मला चालवत नाही’, ‘तिला बसवत नाही’, ‘माझ्याने जिना चढवत नाही’ अशा प्रयोगांत व्यक्तीला चतुर्थी किंवा तृतीया लागते, असमर्थता क्रियेपुरती मर्यादित राहते आणि माणसावर विशेषणाचा शिक्का बसत नाही. जिना चढवत नाही, एवढेच. पत्ते खेळवतात, भांडवतेही. शिवाय या रूपातील ‘व’ प्रयोजक क्रियापदातील ‘व’शी जुळतो. ‘आजीला जिना उतरवत नाही’ हे वाक्य घ्यावे. शक्य क्रियापद मानल्यास आजीच्या गुडघ्यात तेवढे बळ नाही, असा अर्थ होतो. प्रयोजक मानून ‘कोणी’ हा कर्ता अध्याहृत धरला, तर आजीला जिना उतरवून नेणारे कोणी नाही, असा दुसरा अर्थ निघतो. बहुतेक घरांत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. करारातील परस्परक्रियेची जी कल्पना सांगायला कायद्याला परिच्छेद लागला, ती मराठीतील एका सामान्य वाक्यात सामावलेली आहे. परिपत्रकांच्या मराठीने हे वाक्य कधी ऐकले नसेल असे नाही. ते तिला पुरेसे औपचारिक वाटले नसावे.

अकर्मकाकडून प्रयोजकाकडे जाणे ही केवळ व्याकरणाची हौस नाही, हे जपानच्या अनुभवावरून ध्यानात येईल. तेथे दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या वृद्धांना ‘नेताकिरी’, म्हणजे निजलेलेच राहिलेले, असे म्हटले जाई. वृद्धांच्या शुश्रूषेवरील टीकेतून ‘नेकासेकिरी’ हा प्रतिशब्द पुढे आला. जपानीत ‘नेरु’ म्हणजे निजणे आणि ‘नेकासेरु’ म्हणजे निजवणे. हे वृद्ध निजून राहिलेले नाहीत, त्यांना निजवून ठेवले आहे, एवढा अर्थभेद त्या एका अक्षरगटाने केला. १९८९ मध्ये तेथील शासनाने वृद्धसेवेची जी दहा वर्षांची योजना आखली, तीत अंथरुणावरील वृद्धांची संख्या शून्यावर आणण्याची मोहीम समाविष्ट होती. शब्दामुळे धोरण आले असा दावा करणे धाडसाचे ठरेल. तरीही जी अवस्था केवळ वयाचा परिणाम मानली जाते, ती शून्यावर आणण्याची कल्पना कोणतेही शासन करणार नाही. मराठीला ‘निजवून ठेवणे’, ‘बसवून ठेवणे’ यांसाठी नवा प्रत्यय शोधण्याचीही गरज नाही.

साहित्यातील अनुपस्थिती

संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका आणि पांगळा ही पात्रे येतात. ती आध्यात्मिक रूपके आहेत, हे सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी. हा पांगळा लोकांसमोर उभा केलेला, लोकांना उद्देशून बोलणारा आहे. मराठी परंपरेतील अपंग पात्र बहुधा रस्त्यावर, देवळाच्या पायरीशी किंवा दारोदार हिंडताना भेटते. त्याच्याकडे भीक मागण्यासाठी का होईना, बाहेरचे जग असते. जो घरातच राहतो, तो पात्रच होत नाही.

आधुनिक साहित्यात तो येतो, पण बहुधा वास्तूचा भाग म्हणून. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (रंगमंचावर १९८५) या नाटकातील दादी आतून पुन:पुन्हा वेळ विचारत राहते. अंगणातील नादुरुस्त ट्रॅक्टरप्रमाणे तीही त्या वाड्याच्या क्षयाची खूण आहे, असे विवेचन समीक्षेने केले आणि नाटकाच्या रचनेत ते योग्यही आहे. मात्र ट्रॅक्टर आणि म्हातारी यांना एकाच पंक्तीत बसवताना समीक्षेला थोडेही अडखळल्यासारखे होऊ नये, हे खटकते. दादी वेळ विचारते. तिला वेळ कळून काय करायचे आहे, हा प्रश्न वर्गात नाटक शिकवताना विद्यार्थ्यांना विचारून पाहण्याजोगा आहे. ज्याच्या दिवसाला बाहेर जाणे-येणे असे टप्पे नाहीत, त्याला घड्याळाखेरीज दुसरा आधार नसतो, हे उत्तर प्रतीकवादी वाचनातून मिळणार नाही.

याउलट नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाचे शीर्षकच वेगळ्या भाषेची सूचना देते. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्या कमरेखालील शरीराची हालचाल थांबली; पुढे १९८४ मध्ये कोल्हापूरला त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. शीर्षकात व्यक्तीचे विशेषण नाही, शरीर नाही, धैर्याचा जयघोषही नाही. एका वस्तूचे साधे मराठी नाव आहे. ‘व्हीलचेअर’ हा शब्द सर्वांना माहीत असताना ‘चाकाची खुर्ची’ असे म्हटल्याने चाक ठळक होते. खुर्ची बसण्यासाठी, चाक जाण्यासाठी. इंग्रजीत ‘व्हीलचेअरला बांधलेला’ या अर्थाचा प्रयोग टाळून ‘व्हीलचेअर वापरणारा’ म्हणावे, असा आग्रह नंतरच्या काळात दृढ झाला. मराठीत तो आग्रह या शीर्षकाने कोणत्याही नियमावलीवाचून पूर्ण केला. त्यांच्या संस्थेच्या नावात आज कालबाह्य मानला जाणारा इंग्रजी शब्द तसाच आहे, याचीही येथे नोंद घ्यावी. भाषाशुद्धीच्या उत्साहात असे नाव दोषास्पद ठरवणाऱ्यांनी त्या संस्थेने बांधलेले उतार आधी पाहावेत.

‘ती घरीच असते’

या विषयाचा एक पदर अजून दुर्लक्षित आहे. ‘तो घरीच असतो’ असे प्रौढ पुरुषाविषयी म्हटले की ऐकणारा थबकतो. नोकरी गेली का, प्रकृती बरी नाही का, असे विचारतो. ‘ती घरीच असते’ या वाक्यावर कोणी काही विचारत नाही. त्याचा अर्थ ‘ती नोकरी करत नाही’ एवढाच घेतला जातो. संस्कृत वैयाकरणांनी राजस्त्रियांसाठी दिलेला ‘असूर्यम्पश्या’ हा शब्द, म्हणजे सूर्यदेखील न पाहणारी, कुलीनतेचा द्योतक होता. ‘गोषा’ हा शब्दही प्रतिष्ठेशी जोडला गेला होता. ‘घरंदाज’ या आजही गौरवार्थी असलेल्या विशेषणात घर आहेच. बाहेर न पडणे हाच जिथे गुण, तिथे बाहेर पडता न येणे ही अडचण म्हणून नोंदली जाणार कशी? पुरुषासाठी भाषेने निदान ‘घरकोंबडा’ हा चेष्टेचा शब्द केला; त्यात त्याने बाहेर पडायला हवे होते, ही अपेक्षा तरी गृहीत आहे. संधिवाताने, नैराश्याने किंवा लकव्याने घरात अडकलेली स्त्री त्या जुन्याच वाक्यात बेमालूम मिसळून जाते. तिच्या अवस्थेसाठी अपमानास्पद शब्दही नाही, म्हणून तो बदलण्याची चळवळही नाही.

प्रशासनाची नवी मराठी

शब्दाच्या निवडीवर माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात, हे २०२१ मध्ये दिसले. कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा केंद्रापर्यंत जाऊ न शकणाऱ्यांना घरी लस द्यावी, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात चालली. केंद्र शासनाची भूमिका अशी होती की, ‘घरोघरी’ लसीकरण शक्य नाही, ‘घराजवळ’ करता येईल. मे २०२१ मध्ये वृद्ध व अपंगांसाठी घराजवळील केंद्रांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृतही झाली. ‘घरोघरी’ आणि ‘घराजवळ’ या दोन क्रियाविशेषणांतील अंतर चालू शकणाऱ्याला काही पावलांचे वाटेल. ज्याला जिना उतरवत नाही त्याच्या दृष्टीने घराजवळचे केंद्र आणि दहा कोसांवरचे केंद्र यांत फरक नाही. न्यायालयाने हा मुद्दा लावून धरला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात महाराष्ट्रात अंथरुणावरील रुग्णांसाठी घरी लसीकरणाची सुरुवात झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रानेही हालचालीची मर्यादा असलेल्यांना घरी लस देण्यास मान्यता दिली. राज्याच्या योजनेत ‘अंथरुणाला खिळलेले’ हाच निकष शब्दरूपाने आला. जे खुर्चीत बसू शकतात, खिडकीपर्यंत जाऊ शकतात पण रस्त्यावर उतरू शकत नाहीत, ते या शब्दात बसतात की नाही, हे ठरवणे अर्ज तपासणाऱ्यावर सोपवले गेले. अलंकारिक शब्द निकष म्हणून वापरल्याचा हा परिणाम होय.

शिक्षणात ‘गृहाधारित शिक्षण’ ही संज्ञा २०१२ च्या दुरुस्तीनंतर रूढ झाली. तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांना घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क तीत आहे. ‘निवडण्याचा’ हे क्रियापद महत्त्वाचे. शाळेत उतार नाही म्हणून ‘गृहाधारित’ झालेले मूल आणि स्वेच्छेने तो पर्याय घेतलेले मूल यांना हजेरीपटावर एकच संज्ञा लागते.

निवडणुकांच्या भाषेत हा पेच सर्वांत स्पष्ट आहे. २०१९ मध्ये नियमांत बदल करून ८० वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना टपाली मतपत्रिकेने घरी मतदान करण्याची मुभा देण्यात आली. नमुना १२ड भरून दिल्यावर मतदान पथक घरी येते, गोपनीयता राखून मत नोंदवून घेते. बोलण्यात आणि वृत्तपत्रांत यासाठी ‘गृहमतदान’, ‘घरून मतदान’ हे शब्द चटकन रुळले. ‘घरून’ या शब्दातील पंचमी पाहण्यासारखी आहे. खिळलेल्या माणसाकडून आजवर काहीही बाहेर निघत नव्हते. त्याच्याकडे औषध येई, डबा येई, पाहुणे येत. ‘घरून’ म्हणताच घर हे निघण्याचे ठिकाण झाले, तिथून काही तरी बाहेर जाऊ लागले. नियमांत मात्र या मतदाराचा वर्ग ‘अनुपस्थित मतदार’ असा आहे. जो मतदार यादीतील पत्त्यावर वर्षाचे बाराही महिने, चोवीस तास हमखास सापडतो, त्याला ‘अनुपस्थित’ म्हणणे मतदान केंद्राच्या दृष्टीने तर्कशुद्ध असेल; त्या पत्त्याच्या दृष्टीने नाही. मार्च २०२४ मध्ये या सवलतीची वयोमर्यादा ८० वरून ८५ वर्षे करण्यात आली. ज्यांनी आधी घरून मत दिले होते, पण ज्यांचे वय या दोन आकड्यांच्या मध्ये आहे आणि ज्यांच्याकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही, ते त्या वर्षीच्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत नियमाच्या भाषेत पुन्हा ‘उपस्थित’ वर्गात गेले. त्यांच्या घराचा जिना पूर्वी होता तेवढ्याच पायऱ्यांचा राहिला.